"मला काय धाड भरलीय" म्हणणारी आजी आणि सुखाचं माप

आजीला कधीही विचारा कशी आहेस, उत्तर एकच, "मला काय धाड भरलीय." फोनवर तेच, दिवाळीला घरी गेल्यावर तेच, कुणाच्या लग्नात भेटली तरी तेच. आणि हे ती म्हणायचं म्हणून म्हणत नव्हती, चेहऱ्यावर खरंच तक्रार नसायची. कोरेगाव तालुक्यातलं गाव, दोन खोल्यांचं घर, चौतिसाव्या वर्षी नवरा गेलेला, पदरात तीन पोरं, दुसऱ्याच्या रानात भांगलण, आणि जेवायला सगळ्यात शेवटी, टोपात जे उरेल ते. तिच्या दृष्टीनं हे दुःख नव्हतंच, याला जगणं म्हणतात एवढंच तिला माहीत. बहात्तराव्या वर्षी परसात चक्कर येऊन पडली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.१. बाईला साधारण १२ तरी लागतं. डॉक्टर म्हणाले, आजी दम कधीपासून लागतोय, तर ही म्हणते, "कामं केली की लागतोच की दम माणसाला."

म्हणजे किती वर्षं कुणास ठाऊक, कदाचित अर्धं आयुष्य, ती थकलेली होती आणि आपण थकलोय हे तिला माहीतच नव्हतं. आणि या सगळ्या काळात तिला कुणी विचारलं असतं की बाई तू सुखी आहेस का, तर ती हो म्हणाली असती, आणि ते खोटं नसतं.

हे सांगायचं कारण म्हणजे नीतीचा विचार करताना जो फार जुना प्रश्न येतो ना, की शेवटी आयुष्यात सगळ्यात वरचं काय, त्याला आपल्यातले बहुतेक जण पटकन एकच उत्तर देतात, सुख. पैसा कशाला, सुखासाठी. शिक्षण कशाला, सुखासाठी. लग्न, नोकरी, देवधर्म, अगदी दुसऱ्याला मदत करायची तीसुद्धा कशाला, तर केल्यावर बरं वाटतं म्हणून. हे लॉजिक इतकं सोपं आणि इतकं सगळीकडे बसणारं आहे की त्याच्या बाहेर काही असू शकतं असं वाटतच नाही. माझंही बरीच वर्षं हेच मत होतं. आजीच्या त्या रिपोर्टनंतर ते हळूहळू गेलं. आता माझं म्हणणं असं आहे की सुख मोठी गोष्ट आहे, पण सगळ्यात वरची नाही, कारण सुख मिळेल त्या मापात बसतं. दोन खोल्यांत बसतं, उरलेल्या भाकरीत बसतं, ६.१ हिमोग्लोबिनमध्येही बसतं. आणि जी गोष्ट परिस्थिती आकसली की आपणही आकसून घेते, तिच्यावरून ती परिस्थिती बरी की वाईट हे कसं ठरवणार?

पण आधी सुखवाद्यांची बाजू नीट मांडायला हवी, कारण त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार हलकं बोललं जातं. चार्वाक म्हटलं की ऋण काढून तूप पिणारा माणूस एवढंच डोक्यात येतं. मुळात चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आपल्यापर्यंत जवळजवळ आलेच नाहीत, जे कळतं ते त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेलं, चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात वगैरे, आणि तो लिहिणारा माधव स्वतः वेदान्ती. तरीही त्यात त्यांचा एक युक्तिवाद फार सुंदर आलाय. सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुखच सोडून द्या असं म्हणणाऱ्यांना ते विचारतात, मासे खाणारा माणूस काटे असतात म्हणून मासे सोडतो का, काटे काढतो आणि खातो. भाताला तूस असतं म्हणून कुणी भात टाकून देत नाही. हरणं येऊन खातील म्हणून पेरायचं कुणी थांबत नाही आणि दारात भिकारी येतील म्हणून चुलीवर भांडं चढवायचं कुणी सोडत नाही. सगळं दुःखमयच आहे, संसार म्हणजे मायाच आहे असं ऐकत मोठं झालेल्या समाजात हे बोलायला धाडस लागतं, आणि मला तो आवाज आवडतो.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस तिकडे अथेन्सला, ख्रिस्तपूर्व ३४१ ते २७०, त्याचंही तसंच झालं. त्याच्या नावावरून चंगळ करणाऱ्याला एपिक्यूरियन म्हणायची पद्धत पडली, पण तो माणूस आपल्या बागेत मित्रांबरोबर पाव आणि पाणी यावर खूश असायचा, कधीतरी चीज मिळालं की त्याची मेजवानी. त्याच्यासाठी सुख म्हणजे अंगात वेदना नसणं आणि मनात घालमेल नसणं. त्याच्या बागेत बायका आणि गुलामही शिकायला यायचे, त्या काळात.

आणि मग इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम. त्यानं १७८९ साली पुस्तक काढून सरळ सांगितलं की निसर्गानं माणसाला दोन मालकांच्या हाती दिलंय, दुःख आणि सुख, आणि काय करावं हे तेच दोघं ठरवतात. मग त्यानं सुख मोजायची रीतच बसवली. किती तीव्र, किती वेळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि किती लोकांपर्यंत पोचणार. सात कसोट्या. हे वाचताना वाण्याच्या वहीसारखं वाटतं, पण या वहीत राजाचं सुख आणि झाडूवाल्याचं सुख एकाच भावानं धरलंय, हे विसरू नका. जात, घराणं, लिंग, धर्म काही न बघता ज्याला दुखतं त्याचं दुखणं मोजायचं. जनावरांबद्दलही त्यानं लिहिलं की त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना यातना होतात का एवढंच विचारा. या माणसाला मी कमी लेखणार नाही.

आणि आपल्याकडे हा विचार पोचला तेव्हा त्यानं कामही केलं. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा केवढा प्रभाव होता हे सगळ्यांना माहीत आहे. विधवांचं केशवपन, बालविवाह, यांच्यावर ते तुटून पडले तेव्हा शास्त्रात काय लिहिलंय यापेक्षा या पोरीला काय भोगावं लागतंय हे त्यांनी समोर ठेवलं. दुःख मोजायचं धाडस त्या विचारातून आलं, आणि ते आपल्याला आजही पुरं पडलेलं नाही.

मग माझं भांडण कुठे आहे?

१९४४ साली, बंगालच्या दुष्काळानंतर लगेचच, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेनं कोलकात्याजवळच्या एका भागात आरोग्याचा सर्वे केला. त्यात विधुर पुरुषांना आणि विधवा बायकांना तब्येतीबद्दल विचारलं. अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे पुन्हापुन्हा मांडले म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. आणि नुसतं "यथातथा" हे उत्तर बघितलं तर विधुरांमध्ये ४५.६ टक्के आणि विधवांमध्ये शून्य. एकही बाई तसं म्हणाली नाही. दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, बंगालमधली विधवा म्हणजे खाण्यापिण्यावर किती बंधनं, घरात तिचं स्थान काय, हे आपल्याला माहीत आहे, आणि तरी त्या म्हणतायत की आमचं बरं चाललंय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. कारण यातली एक बाई मी ओळखत होते. मला काय धाड भरलीय.

आता सुखालाच सर्वोच्च मानणाऱ्याची इथे खरी अडचण होते. तो म्हणेल की त्या बायका खोटं बोलत होत्या, आतून दुःखी होत्या. काही असतीलही. पण सगळ्या? आजीला मी तीस वर्षं बघितलंय, ती आतून कुढत नव्हती. तिनं आपल्या अपेक्षा इतक्या वर्षांपूर्वी घडी घालून ठेवल्या होत्या की त्या कधी होत्या हेही विसरली होती. मग जर सुख म्हणजे मनाला वाटणारं समाधान आणि तेच सगळ्यात वरचं, तर त्या विधवांच्या बाबतीत काही चुकलंच नव्हतं असं म्हणावं लागेल. उलट त्यांचं समाधान मोडणारा सुधारक हाच दोषी ठरेल. ज्या तत्त्वाचा हिशोब या उत्तरावर येऊन थांबतो ते तत्त्व मला सगळ्यात वर ठेवता येत नाही, माझा नाइलाज आहे.

बेंथमचा मानसपुत्र म्हणावा असा जॉन स्टुअर्ट मिल, ज्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत ३५ वर्षं नोकरी केली, त्याला ही अडचण अर्धी दिसली होती. तो म्हणाला सगळी सुखं सारखी नसतात, काही वरच्या दर्जाची काही खालच्या, समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा आणि समाधानी मूर्खापेक्षा असमाधानी सॉक्रेटिस बरा. दर्जा कुणी ठरवायचा? तर ज्यानं दोन्ही चाखलंय त्यानं. ही कसोटी मला पटते, खूप पटते. पण मग पुढचा प्रश्न येतोच की सॉक्रेटिस असमाधानी असूनही वरचा असेल, तर त्याला वर नेणारी गोष्ट समाधान तर नव्हे, दुसरं काहीतरी आहे, आणि मग ते दुसरं काहीतरी सुखाच्याही वर बसलंय. मिलनं दार उघडलं आणि स्वतः उंबरठ्यावरच थांबला असं मला नेहमी वाटतं.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला किस्सा तर याहून बोलका आहे. लहानपणापासून बापानं त्याला या विचारातच वाढवलेला, जगातलं सुख वाढवणं हे ध्येय. १८२६ साली, वीस वर्षांचा असताना, एक दिवस त्यानं स्वतःला विचारलं की समज तुला जगात जे जे बदलायचंय ते सगळं या क्षणी झालं, तर तुला आनंद होईल का? आणि आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर तो कित्येक महिने खचलेला होता. त्यातून बाहेर आल्यावर त्यानं लिहिलं की सुखी तेच होतात ज्यांचं लक्ष स्वतःच्या सुखावर नसून दुसऱ्या कशावर तरी असतं, कुणाच्या भल्यावर, एखाद्या कलेवर, एखाद्या कामावर, आणि ते काम साधन म्हणून नव्हे तर ध्येय म्हणून धरलेलं असतं. म्हणजे सुख हवं असेल तर सुखापेक्षा मोठं काहीतरी मनापासून मानावं लागतं! मग ते मनापासून मानलेलं मोठं काहीतरी खरंच मोठं असेल, ही शक्यता तरी धरा की.

आता महाडचं घेऊ. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परत येताना त्यातल्या कित्येकांनी मार खाल्ला. गावोगावी पुढे त्रास सुरू झाला. तळं पंचगव्य ओतून शुद्ध करून घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा कोर्टाची मनाई होती, आणि तळं सगळ्यांना खुलं असल्याचा हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. या दहा वर्षांत बेंथमच्या सात कसोट्या लावून बघा. पाण्याची चव? एक ओंजळ. त्यासाठी डोकी फुटली, रोजगार गेले, आणि महाडातले जे संतापले ते संख्येनं जास्त. सुखाची बेरीज त्या वर्षी तरी मायनसमध्येच जाते. आणि बाबासाहेबांनी डिसेंबरच्या भाषणात स्वतःच सांगितलं होतं, की या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही, आजवर ते प्यालो नव्हतो म्हणून मेलोही नव्हतो, इतरांसारखी आपणही माणसंच आहोत हे सिद्ध करायला आपण तिथे जातोय.

मला या विषयावर याहून स्पष्ट काही सापडलेलं नाही. तहान भागवणं हा मुद्दाच नव्हता.

यावर सुखवादी मित्र म्हणतात की अगं पण स्वाभिमान मिळाल्यावर सुखच होतं ना, लाँग टर्ममध्ये बेरीज प्लसमध्येच येते. येत असेल. पण क्रम बघा ना. समजा इंग्रजांनी अशी एखादी गोळी काढली असती की ती घेतल्यावर अस्पृश्य म्हणून वागवलं गेल्याचा त्रासच वाटत नाही, मार नाही, कोर्ट नाही, सगळे दोन दिवसांत समाधानी, तर त्या गोळीनं प्रश्न सुटला असता का? सुखाच्या हिशोबात सुटला असता आणि स्वस्तात सुटला असता. आपल्याला मात्र ती कल्पनाच अंगावर काटा आणते, कारण आपल्याला आतून माहीत आहे की त्रास हा त्या अन्यायाचा पुरावा होता, अन्याय त्रासाच्या मागे उभा होता. स्वाभिमानाचं सुख होतं ते स्वाभिमान मोलाचा आहे म्हणून होतं. सुख होतं म्हणून स्वाभिमान मोलाचा, असं उलटं धरलं की ती गोळी वाटावी लागते.

रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७४ साली असंच एक यंत्र कल्पिलं होतं, डोक्याला तारा जोडून हवा तो अनुभव देणारं, आत गेल्यावर हे यंत्र आहे हेही आठवणार नाही, आणि विचारलं होतं की जन्मभर त्यात जाल का. बहुतेक लोक नाही म्हणतात. पण हे उदाहरण मला थोडं लांबचं वाटतं. यंत्र कशाला हवं, शेवटी जेवणारी, आणि त्यात समाधान मानायला शिकवलेली बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात होती.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. भरल्या पोटी सुखाला कमी लेखणं सोपं असतं, ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला जाऊन सांग की सुख सर्वोच्च नाही. खरंय. दुःख कमी करणं, त्यातही भूक, आजार, मारहाण, अपमान हे आधी कमी करणं, याच्या आड येणारं कुठलंही तत्त्वज्ञान मला नकोय. पण भुकेल्या माणसाला काय हवं असतं, भूक मेल्याची भावना का अन्न? भूक न लागण्याचं औषध देऊन त्याला घरी पाठवलं तर त्याला आपण मदत केली असं कुणी म्हणणार नाही. त्याला पोटात अन्न हवंय, पोरांच्या ताटात अन्न हवंय, उद्याची सोय हवीय, आणि हे सगळं खरंच हवंय, नुसतं तसं वाटायला नकोय. म्हणजे सगळ्यात गरीब माणूससुद्धा सुखापेक्षा वेगळं आणि सुखापेक्षा ठोस काहीतरी मागत असतो.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं, त्यात सुखवादावर खूप मोठी चर्चा आहे आणि ती आजही वाचण्यासारखी आहे, भाषा जरा जड जाते एवढंच. "पुष्कळांचे पुष्कळ सुख" या तत्त्वाला ते विचारतात की कौरवांकडे अकरा अक्षौहिणी आणि पांडवांकडे सात, मग डोकी मोजून कौरवांची बाजू न्याय्य ठरवायची का? बेरजेचं तत्त्व ज्यांच्या पायाखाली माणसं चिरडली जातात त्यांनाच कधीकधी पास करतं, हा मुद्दा अगदी बरोबर. पुढे टिळक जिथे जातात, आत्म्याचं शांत सुख, निष्काम बुद्धी, तिथे मी त्यांच्यामागे पूर्ण जाऊ शकत नाही, कारण आतल्या शांतीची ही शिकवण आपल्या समाजात नेहमी खालच्याच पायरीवरच्यांना जास्त ऐकवली गेली, आणि माझ्या आजीनं ती फारच छान आत्मसात केली होती. पण त्याच पुस्तकात सुखदुःखाच्या चर्चेत ते महाभारतातलं एक वचन देतात, असंतोषः श्रियो मूलम्, असंतोष हे भरभराटीचं मूळ आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. परकीय टीकाकारानं ज्याला असंतोषाचा जनक म्हटलं त्या माणसानं तुरुंगात बसून हे वचन उतरवावं हे किती साजेसं आहे. असंतोषात सुख नसतं. तरी काही असंतोष समाधानापेक्षा जास्त मोलाचे असतात, आणि एखादा समाज नीतीनं चालला आहे का हे बघायचं तर त्यात कुणाला असंतुष्ट व्हायची मुभा आहे हे मी आधी बघेन.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं पुस्तकी आहे, रोजच्या कारभारात कोण बेंथम आणि मिल वाचून निर्णय घेतं. पण घेतात. मध्य प्रदेश सरकारनं २०१६ साली आनंद विभाग काढला, दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून हॅपिनेसचा तास सुरू झाला. दरवर्षी मार्चमध्ये वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट येतो, फिनलंड २०१८ पासून सलग पहिला, भारत २०२४ ला १२६ वा, २०२५ ला ११८ वा, आणि मग चार दिवस टीव्हीवर वाद, एकजण म्हणतो आम्ही एवढे दुःखी कसे आणि दुसरा म्हणतो हे पाश्चात्त्यांचं कारस्थान. मूळ प्रश्न काय विचारतात हे फार कमी जण बघतात. तुमच्यासमोर एक शिडी आहे असं समजा, सगळ्यात वरची पायरी १० म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची ० म्हणजे सगळ्यात वाईट, तर आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? तुमच्यासाठी शक्य असलेलं. आजीला हा प्रश्न विचारला असता तर तिनं आठ-नऊ सांगितलं असतं, कारण तिची शिडीच तेवढी होती. तिच्या नातीला, म्हणजे मला, विचारलं तर मी सहा म्हणेन, कारण मला वरच्या खूप पायऱ्या दिसतात. या आकड्यावरून आजीचं आयुष्य माझ्यापेक्षा चांगलं होतं असं सरकारनं धरलं आणि रक्ततपासणीचे कॅम्प बंद करून समाधानाची शिबिरं काढली तर काय होईल?

भूतानचं नाव या विषयात आदरानं घेतलं जातं, ग्रॉस नॅशनल हॅपिनेस वगैरे, आणि खरं सांगायचं तर त्यांची मोजणी नऊ क्षेत्रांत असते, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, पर्यावरण, म्हणजे सुखाच्या नावाखाली त्यांनाही सुखाबाहेरचंच बरंच मोजावं लागलं. पण त्याच देशातून १९९० च्या आसपास नेपाळी भाषिक ल्होत्साम्पा समाजाची एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडायला लावली गेली आणि वर्षानुवर्षं नेपाळमधल्या छावण्यांत राहिली. जे उरले त्यांच्या सुखाची सरासरी काढताना हे लोक कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेयस आणि प्रेयस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हिताचं आणि आवडीचं, आणि त्याआधी त्याला हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य, रथात बसलेल्या सुंदर स्त्रिया, सगळं देऊ करतो, फक्त मृत्यूबद्दल विचारू नकोस म्हणतो. पोरगं हटत नाही. मला त्यातल्या मोक्षापेक्षा त्या मुलाचं न हटणं महत्त्वाचं वाटतं. त्याला कळून घ्यायचंय. कळल्यावर तो सुखी होईल की नाही याची कुणी हमी दिलेली नाही.

एका ठिकाणी मात्र मी माझ्याच म्हणण्याला मुरड घालते. आमच्या शेजारच्या काकांना स्मृतिभ्रंश होता, काकू जाऊन दोन वर्षं झाली तरी रोज संध्याकाळी विचारायचे ही कुठे गेली. सुरुवातीला मुलगा खरं सांगायचा, आणि काका रोज नव्यानं रडायचे, जणू आत्ताच कळलंय. मग त्यानं सांगायला सुरुवात केली की माहेरी गेलीय, येईल. काका शांत चहा प्यायचे. तो मुलगा योग्य वागला असं मी ठामपणे म्हणेन. कारण कळणं ही गोष्ट त्यांच्यात टिकतच नव्हती, त्यांना देता येण्यासारखं उरलं होतं ते तेवढंच, चहा आणि शांतपणा. पण ज्या माणसाला अजून कळू शकतं, त्याला तसंच शांत ठेवणं हे मला त्याच्या आयुष्याची चोरी वाटते, कितीही प्रेमानं केलेली असो.

आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना माहीत असतं. एम.ए. व्हायच्या वेळी लिहिलं की तुला वाटत असेल आता मुलाला मोठ्या पगाराची चाकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, पण विशेष संपत्तीची, विशेष सुखाची हाव न धरता मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सगळा वेळ दुसऱ्यांच्या हितासाठी घालवणार आहे. दम्यानं गांजलेला माणूस, जिवंतपणी लोकांनी प्रेतयात्रा काढली, चाळिशीही न बघता १८९५ मध्ये गेला. जगाचं दुःख कमी करायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या सुखाला किती खालचा नंबर दिला बघा. आणि आपल्याला त्याचं आयुष्य वाया गेलं असं वाटत नाही.

आजीला नंतर सलाइनमधून आयर्न दिलं, मग गोळ्या, तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. अंगात ताकद आली, हे सुख झालंच, ते मी नाकारत नाही. पण त्याबरोबर ती बदलली. एक दिवस ओसरीवर बसून मला म्हणाली, म्हणजे गं एवढी वर्षं मला असं वाटू शकत होतं? आणि रडली. नवरा गेला तेव्हाचं, शेतावरचं, उपाशी झोपलेल्या रात्रींचं, सगळं तिला एकदम नव्यानं दिसलं असणार. त्यानंतर ती आधीसारखी समाधानी कधीच नव्हती. चहा पुचाट झाला तर सांगायची, उन्हाळ्यात पंखा मागायची, सुनेनं शेवटी जेवायला बसलेलं तिला चालेना, त्यावरून घरात दोनदा भांडण झालं. आई म्हणायची, सासूबाई आधी किती शांत होत्या.

मिलची कसोटी लावायची तर माझ्या ओळखीत दोन्ही चाखलेली ती एकच बाई. मी तिला एकदा विचारलंही, की आजी आधीचं बरं होतं का, काही माहीत नव्हतं तेव्हाचं? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

ती आणखी सहा वर्षं जगली. त्या सहा वर्षांत कशी आहेस विचारलं की मला काय धाड भरलीय हे उत्तर परत कधी आलं नाही. ती सांगायची, डावा गुडघा दुखतोय, आतल्या बाजूनं, जिना उतरताना जास्त, चढताना तेवढा नाही.